नव्या बॅटऱ्या, थोडा धीर

प्रश्न: गोल्फ कार्टला ६ व्होल्टच्या आठ नव्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवल्या, तरी गाडी लवकर दम टाकते. माल खराब निघाला का?

उत्तर: बहुधा नाही. अशा डीप-सायकल बॅटरीच्या प्लेटांवरचे सक्रिय द्रव्य पहिल्याच दिवशी पुरते कामाला लागत नाही. पूर्ण क्षमता यायला साधारण ५० ते १०० वेळा चार्ज-डिस्चार्ज व्हावे लागते. तोवर फेऱ्या लहान ठेवाव्यात, निम्म्याहून जास्त चार्ज उतरू देऊ नये.

पहिल्या फेरीआधी बॅटऱ्या पूर्ण चार्ज कराव्यात. पुढे रोज वापर संपला की चार्जर लावावा आणि तो आपोआप बंद होईपर्यंत काढू नये. अर्धवट चार्जिंगने प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर बसतात. बॅटऱ्यांचे सर्वाधिक नुकसान याच सवयीने होते.

पाणी डिस्टिल्डच हवे, आणि तेही चार्जिंगनंतर. चार्ज होताना द्रावण फुगते. आधीच काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाते. प्लेटा उघड्या दिसल्या, तरच त्या बुडण्यापुरते आधी घालावे.

चार्जिंगची जागा हवेशीर असावी, नाहीतर चार्ज होताना निघणारा हायड्रोजन साचतो.

पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासावा. एखादाच सेल सतत मागे राहिला, तर वॉरंटी कार्ड घेऊन दुकान गाठावे.