मुदत संपली, तरी पैसे का कापले?

ताई-मावश्यांनो, गटाच्या बैठकीत हल्ली हा प्रश्न फार येतो. सिरियल पाहायला एक रुपयात ॲप घेतलं, महिना संपला, आता कुणी पाहतही नाही, तरी खात्यातून पैसे जातात. लाडकी बहीणच्या १,५०० रुपयांतून असे शंभर-दोनशे गेले तर ते लहान नाहीत.

आधी एक फरक समजून घ्या. मोबाइलचा प्रीपेड रिचार्ज किंवा डिश टीव्हीचा पॅक संपला की सेवा बंद होते, आणि तिथेच विषय संपतो. पुढचे पैसे आपल्यावर उधार राहत नाहीत. कुणी फोन करून मागच्या महिन्याची बाकी मागितली तर देऊ नका.

ॲपचं तसं नाही. एक रुपया भरताना आपण जो पिन टाकतो, त्यात बरेचदा 'ऑटोपे'ची परवानगी असते. म्हणजे दर महिन्याला न विचारता कापा, असं आपणच बँकेला सांगितलेलं असतं. लेकराच्या हातात फोन देऊन पिन सांगितला तरी हेच होतं. मोबाइलमधून ॲप काढून टाकलं की संपलं असं पुष्कळ जणींना वाटतं, पण परवानगी तशीच चालू राहते. फोन पे, गूगल पे जे वापरता त्यात 'ऑटोपे' उघडा आणि नको ते रद्द करा. जमत नसेल तर बँकेत जा, रद्द करायला पैसे लागत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा. म्हणून बँकेचे मेसेज न वाचता पुसू नका, पोरांकडून वाचून घ्या. फुकटच्या नावाखाली ऑटोपे घ्यायला लावणं किंवा बंद करायचं बटण लपवणं याला ३० नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने मनाई केली आहे.

रद्द केल्यावरही पैसे गेले तर पासबुकात एन्ट्री मारून घ्या, रद्द केल्याचा फोटो ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बँकेकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. पण उमरखेडहून यवतमाळ म्हणजे अख्खा दिवस आणि मजुरी बुडते, म्हणून आधी फोन.

आणि हो, सगळंच बंद करत सुटू नका! मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर बहुतेक ते जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे असतात. दोन्हींत २ लाखांपर्यंत संरक्षण आहे. १ जूनपासून नवं वर्ष धरतात, तेव्हा त्या आठवड्यात खात्यात तेवढे पैसे राहू द्या.