काळी माती फुगते, मग कोळसा?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या शिवारातली काळी माती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दगडी कोळसाही असा फुगतो का?
– एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : फुगतो, पण कारण वेगळं. तुमच्या मातीतल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं आणि ते दूर सरतात. कोळसा म्हणजे जागोजागी जखडलेल्या मोठ्या रेणूंचं जाळं. पिरिडीनसारखा द्रावक त्यातले कमकुवत बंध सोडवतो, जाळं ताणलं जातं. काही कोळशांचं आकारमान दुपटीपर्यंत वाढतं. पक्के बंध शाबूत राहतात, म्हणून सगळा कोळसा विरघळत नाही. अँथ्रासाइट हा कठीण कोळसा मात्र जेमतेम फुगतो.

द्रावकांसारखे वायूही कोळशात शोषले जातात आणि त्याला फुगवतात. हा फुगवटा शेकडा एक-दोन इतकाच, तरी मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. जमिनीखालच्या थराला पसरायला जागा नसते, त्यामुळे त्याच्या बारीक फटी मिटतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ॲलिसन क्षेत्रात 1995 पासून मिथेन काढण्यासाठी कोळशात कार्बन डायऑक्साइड सोडला. कोळसा फुगला आणि वायू आत जाणं मंदावलं. कार्बन डायऑक्साइड कोळशात मिथेनपेक्षा जास्त शोषला जातो, फुगवतोही जास्त. कोळशाच्या थरांत हा वायू कायमचा साठवण्याच्या योजनांपुढची खरी अडचण हीच आहे.