सॅक्सोफोनवर बोटं अडखळतात, काय करू?

प्रश्न : मी अल्टो सॅक्सोफोन वाजवतो. मधल्या पट्टीत बोटं नीट चालतात. पण वर किंवा खाली जाताना स्वर तुटतात. उपाय सांगाल का?

उत्तर : तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. मधला सी शार्प सगळी बोटं उचलून वाजतो. लगतच्या डीला मात्र दोन्ही हातांची तीन-तीन बोटं आणि डाव्या अंगठ्याची ऑक्टेव्ह की एकदम लागते. म्हणून आधी हे दोनच स्वर एका श्वासात, जीभ न लावता जोडा. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि एका ठोक्याला एक स्वर घ्या. सलग दहा वेळा स्वच्छ आलं, तरच लय ४ ने वाढवा.

खालच्या बी आणि बी फ्लॅटसाठी डावी करंगळी उचलू नका, रोलरवरून सरकवा. वरच्या डी, ई फ्लॅट, एफच्या कळा तळहाताच्या कडेने दाबा. मनगट फिरवू नका.

बोटं कळांना टेकलेलीच ठेवा. उंच उचललेलं बोट परतायला उशीर करतं. रोज पंधरा मिनिटं एवढंच करा. घाई टाळलीत, तर हात नक्की वळेल.