वाघाची मावशी

भिलाई हे छत्तीसगडमधील पोलाद कारखान्याचे शहर. तेथील मैत्रीबाग ही प्राणिबाग १९७२ साली सुरू झाली आणि पुढे पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध झाली. हे वाघ पिंजऱ्यात असतात. त्यांच्याच कुळातील एक लहान शिकारी मात्र आपल्या घरांत मोकळेपणाने वावरतो. तो म्हणजे मांजर. मराठीत मांजराला ‘वाघाची मावशी’ म्हणतात. प्राणिशास्त्रही दोघांना मार्जारकुळातच ठेवते.

दूधभात खाऊन तृप्त झालेले मांजर अंगणात जाते आणि थोड्याच वेळात चिमणीचे पिल्लू तोंडात धरून परतते. घरातील माणसे संतापतात. कोणी त्याला क्रूर म्हणते, कोणी काठी उगारते. हा राग योग्य आहे काय?

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. साठवलेल्या धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे. ज्या स्वभावाला आज आपण दोष देतो, त्याच स्वभावामुळे मांजर माणसाच्या दारी आले.

रानमांजराचे सावज लहान असते. त्यामुळे त्याला दिवसातून अनेकदा शिकार करावी लागते आणि पुष्कळ झडपा वाया जातात. भूक लागेपर्यंत ते थांबले, तर उपाशी राहण्याची वेळ येईल. म्हणून शिकारीची ओढ केवळ भुकेवर अवलंबून नसते. काही फडफडले, सळसळले की पोट भरलेले मांजरही दबा धरते. ही वृत्ती जन्मजात असते; कौशल्य मात्र पिल्ले आईकडून आणि अनुभवातून मिळवतात.

मग चिमण्यांचे रक्षण कसे करावे? इंग्लंडमधील संशोधकांनी २०२१ साली याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर मांसप्रथिने असलेला आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच ते दहा मिनिटे खेळवल्यावर ती २५ टक्क्यांनी कमी झाली. गळ्यातील घंटेचा मात्र स्पष्ट परिणाम दिसला नाही.

मांजर मूलतः मांसाहारी आहे. केवळ दूधभाताने त्याचे पोषण होत नाही. त्याला योग्य आहार द्यावा. काठीला दोरीने पीस बांधून त्याला रोज खेळवावे. पक्ष्यांची पिल्ले घरट्याबाहेर पडू लागली, की त्या दिवसांत मांजराला शक्यतो घरातच ठेवावे. स्वभावाला औषध नाही, असे आपण म्हणतो. मारून मांजराचा स्वभाव पालटत नाही. त्याला वळण लावण्याचे काम पाळणाऱ्याचे आहे.

पाठगत प्रश्न

१. पोट भरलेले मांजरही शिकार का करते?
२. मांजर माणसाजवळ कसे आले?
३. तुमच्या परिसरातील पक्ष्यांच्या रक्षणासाठी मांजर पाळणाऱ्यांना कोणत्या सूचना द्याल? पाच वाक्ये लिहा.