सृष्टीच्या उत्पत्तिकथा : तुलनेचा एक पाठ

श्रावण शुद्ध पंचमीस महाराष्ट्रात गावोगाव स्त्रिया वारुळाशी जाऊन दूध-लाह्या वाहतात. त्याच वारुळाविषयी धनगर समाजात एक जुनी कथा आहे. पहिली मेंढरे आणि शेळ्या वारुळातून बाहेर पडल्या. त्यांनी उभ्या पिकांत शिरून नासधूस मांडली. तेव्हा शेतकऱ्यांनी महादेवास साकडे घातले आणि महादेवाने ही जित्राबे राखण्यासाठी पहिला धनगर निर्माण केला. म्हणून धनगर वारुळास मान देतो, आपल्या शेतातील वारूळ मोडीत नाही. खर्डा हे गाव ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. तेव्हा ही कथा येथील शाळेस परकी मानण्याचे कारण नाही. तरीही ती वर्गात क्वचितच ऐकू येते.

चौथी-पाचवीच्या वर्गात पृथ्वी, सूर्य, चंद्र यांचा पाठ निघाला की ‘हे सारे कोणी केले?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. समजा, एका मुलाने ब्रह्मदेवाचे नाव घेतले, दुसऱ्याने आदमची हकीकत सांगितली, आणि मेंढपाळाच्या मुलाने वारुळाची. पहिल्या दोन उत्तरांना वर्ग मान डोलावतो, तिसऱ्याला हसतो. त्या हसण्यात शिक्षकाचे स्मित मिसळले, तर ते मूल घरची कोणतीही गोष्ट पुन्हा शाळेत आणीत नाही. पुढे पुढे ते घरच्या बोलीतील शब्दही दडवू लागते, आणि शाळा ही आपल्यासाठी नव्हे अशी त्याची समजूत होऊन बसते. उत्पत्तिकथांचा तौलनिक पाठ घ्यावयाचा तो मुख्यतः या मुलासाठी.

पाठाचा आरंभ मातीपासून करणे सोयीचे होईल, कारण माती सर्वांच्या परिचयाची आहे आणि जगातील कितीतरी कथांत माणूस मातीचाच घडविलेला आहे. अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात कोरकू लोक राहतात. त्यांची कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात नोंदलेली आहे. विंध्य आणि सातपुडा हे डोंगर निर्मनुष्य आहेत असे पाहून रावणाने महादेवास तेथे वस्ती करण्याची विनंती केली. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्यास तांबड्या मातीचे वारूळ शोधावयास धाडले. त्या मातीच्या त्याने एक पुरुष व एक स्त्री अशा दोन मूर्ती केल्या. पण इंद्राने पाठविलेले दोन घोडे आले आणि त्यांनी त्या तुडवून टाकल्या. पुन्हा केल्या, पुन्हा तुडविल्या गेल्या. अखेरीस महादेवाने आधी मातीचा कुत्रा केला, त्यात प्राण फुंकला. कुत्र्याने घोडे हुसकून लावले, आणि मग मूला व मूलाई ही पहिली माणसे उभी राहिली.

येथेही वारूळ आहेच. आणि माणसाच्या आधी राखणीचा कुत्रा असावा, हे ज्याच्या घरी रात्री मेंढवाड्याभोवती कुत्रे जागते, त्या मुलास कोणी समजावून सांगावे लागणार नाही. उलट तेच मूल ते इतरांस समजावून सांगेल. शिक्षकांनी अशा वेळी खुशाल गप्प बसावे.

आता नकाशावर मेळघाटावरून बोट पूर्वेकडे, झारखंडातील संथाळ परगण्यापर्यंत न्यावे. संथाळांच्या कथेत ठाकूर जिउ मातीची माणसे घडवितो आणि आकाशातून उतरलेला घोडा ती तुडवून टाकतो. पुढे ठाकूर दोन पक्षी घडवितो आणि त्यांच्या अंड्यांतून पिलचू हाडाम व पिलचू बुढी हे आद्य दांपत्य जन्मते. शेवट निराळा, पण माती तुडविणारा घोडा तोच. शेकडो कोसांच्या अंतरावर हा सारखेपणा कोठून आला? कोरकू ही मराठीच्या किंवा गोंडीच्या घराण्यातील भाषा नव्हे. ती मुंडा कुलातील असून संथाळी ही तिची बहीण होय. एका घरातून दोन बहिणी दूर दूरच्या गावी नांदावयास जाव्यात आणि दोघींच्या ओठी आईची एकच गोष्ट राहावी, तसे येथे झाले असावे असा तर्क करावयास जागा आहे.

परंतु प्रत्येक सारखेपणास नाते लावू नये. प्राचीन इजिप्तमध्ये ख्नूम हा देव कुंभाराच्या चाकावर माणसे घडवीत असे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात परमेश्वर मातीपासून मनुष्य करतो व त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो; कुराणातही आदम मातीचाच. बायबलातील ही कथा मराठीत फार पूर्वीच ओवीबद्ध झाली. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात रचलेले व १६१६ साली राचोल येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच सुरू होते, आणि त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. परदेशातून आलेली कथा येथील भाषेचे वस्त्र कसे नेसते याचे इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. अहमदनगर येथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. त्यामुळे या जिल्ह्यातील अनेक गावांत ख्रिस्ती कुटुंबांची मुले ही कथा घरूनच शिकून येतात.

महासागरापलीकडे ग्वाटेमाला देशातील किचे माया लोकांची कथा तर मुलांना फार आवडण्याजोगी आहे. ‘पोपोल वूह’ या त्यांच्या ग्रंथात देवांनी प्रथम चिखलाचा माणूस केला. तो पाण्यात विरघळला. मग लाकडाची माणसे केली. ती चालली, बोलली, पण त्यांना अंतःकरण नव्हते आणि आपल्या निर्मात्याची आठवण नव्हती. तेव्हा त्यांच्या घरातील जाती, तवे, मडकी आणि कुत्री त्यांच्यावर उलटली : तुम्ही आम्हांस रोज दळलेत, भाजलेत, मारलेत, आता आमची पाळी! शेवटी देवांनी पिवळ्या व पांढऱ्या मक्याच्या पिठाची माणसे केली आणि ती टिकली. ही कथा खर्ड्यात जन्मली असती तर पीठ कशाचे असते, असे विचारून पाहावे. ‘ज्वारीचे’ हे उत्तर येईल, आणि त्या एका उत्तरात मुलांस पाठाचे अर्धे मर्म हाती लागले असे समजावे. ग्वाटेमालाचे मायन आणि मेळघाटचे कोरकू यांचा या कथेपुरता संबंध मानण्यास आधार नाही. चिखलात हात घालून बाहुली करण्याचा खेळ मात्र दोन्हीकडच्या मुलांनी खेळलेला असणार. गावात कुंभाराचे चाक अजून फिरत असेल तर हा भाग तेथेच, अंगणात बसून घ्यावा.

पाणी आणि अंडे या कल्पना थोडक्यात आटोपता येतील. संथाळांच्या कथेत गांडूळ पाण्याखालची माती वर आणते आणि ती कासवाच्या पाठीवर ठेवली जाते. उत्तर अमेरिकेतील इरोक्वॉय लोकांच्या कथेतही पाण्यात बुडी मारणारा प्राणी तळाची माती आणतो आणि ती कासवाच्याच पाठीवर पसरते. वराह अवतार मुलांना ठाऊक असतोच. त्यास या रांगेत बसविले की ती चकित होतात. छांदोग्य उपनिषदातील अंडे फुटून त्याची एक कवटी पृथ्वी व दुसरी आकाश होते. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या काव्यात पाणपक्ष्याच्या अंड्याचे तेच होते. एवढे पुरे.

विराट देहापासून सृष्टी झाल्याच्या कथा मात्र जपून घ्याव्या लागतात. चीनमध्ये पानकू मरण पावला, त्याच्या श्वासाचा वारा झाला, डोळ्यांचे सूर्य-चंद्र झाले. उत्तर युरोपात यमीर नावाच्या राक्षसाच्या हाडांचे पर्वत व रक्ताचा समुद्र झाला. ऋग्वेदातील पुरुषसूक्तही (मंडल १०, सूक्त ९०) याच जातीचे. पण त्यात विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्णांची मांडणी आहे, आणि आपल्या वर्गात ती ऐकणारी मुले पानकूच्या गोष्टीइतक्या निश्चिंतपणे ऐकू शकत नाहीत. लहान वर्गात पानकूचीच कथा सांगावी. सातवीत प्रश्न निघाला तर तो टाळून पुढे जाऊ नये. या सूक्ताची कठोर चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या विषयावरील १९४६ च्या इंग्रजी ग्रंथात केली आहे, हे स्पष्ट सांगावे. जगाची रचना सांगता सांगता समाजातील उतरंडही देवाच्या नावावर नोंदविली जाऊ शकते, हे मोठ्या मुलांस कळलेच पाहिजे. त्याच मंडलातील १२९ वे, नासदीय सूक्त त्यांना जरूर सांगावे. सात ऋचांचे हे सूक्त उत्तर देता देता थांबते आणि सृष्टी कोठून आली हे तिच्या अध्यक्षास तरी ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेते. इतक्या जुन्या काळी ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्य कोणीतरी दाखविले. मुलांच्या प्रश्नापुढे अडलेल्या शिक्षकासही त्यातून थोडा धीर यावा.

शेवटी ‘गुरुजी, मग खरे कोणते?’ हा प्रश्न येणारच. तेथे गुळमुळीत उत्तर देऊ नये. त्यासाठी खर्ड्याचा किल्ला हाताशी आहे. मराठे आणि निजाम यांची लढाई येथे ११ मार्च १७९५ रोजी झाली, हे मुलांना पाठ असते. किल्ल्याच्या चिऱ्यावर हात ठेवून विचारावे : हा दगड किती जुना? हा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा झाला तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर पसरला. पृथ्वीचे वय त्याहून कितीतरी अधिक, सुमारे ४५४ कोटी वर्षे. ही गणना खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांच्या मोजमापावरून केली जाते आणि दुसऱ्याने ती पुन्हा करून पडताळून पाहता येते. पृथ्वीचे वय विचारले असता उत्तर हेच द्यावयाचे, मग मूल कोणत्याही घरचे असो. कथेस हे मोजमाप लावता येत नाही. ती सांगणारे लोक कोठे राहत होते, काय पिकवीत होते, कोणते जनावर सांभाळीत होते आणि स्वतःस कोण समजत होते, हे तिला विचारावे. ते ती चोख सांगते.

शब्दांच्या बाबतीत एक दक्षता घ्यावी. एकाच्या कथेस ‘धर्मग्रंथातील वचन’ आणि दुसरीस ‘अडाणी लोकांची दंतकथा’ म्हटले की तुलना तेथेच संपली. फळ्यावर सर्वांच्या वर एकच मथळा असावा : उत्पत्तिकथा. त्याखाली कथा कोणाची, माणूस कशापासून झाला, कोणते प्राणी आले, एवढे तीन रकाने पुरेत. ‘कोणती चांगली’ हा चौथा रकाना मुले मागतील. तो आखू नये.

घरी आजी-आजोबांकडून कथा ऐकून मुलांनी ती त्यांच्याच बोलीत लिहून आणावी. सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली घालावी. शुद्धलेखनाची तांबडी शाई या वहीस लावू नये. कित्येक घरी ‘आम्हांला काही येत नाही’ असे उत्तर मिळेल. अशा मुलास शेजारच्या म्हाताऱ्याकडे धाडावे. हा पाठ श्रावणातच घेणे इष्ट, नागपंचमीच्या आसपास. दसरा-दिवाळी उलटली की मेंढरांचे कळप रानोमाळ निघतात, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर काही मुले आईबापांसह कारखान्यांच्या फडावर जातात, आणि ज्यांच्यासाठी पाठ घ्यावयाचा तीच जागेवर नसतात. त्यांच्या वह्या मात्र शाळेतच ठेवून घ्याव्यात. उन्हाळ्यात परतल्यावर मुले त्या मागावयास येतात.