रस्त्यावरील घराचे कोडे

एका लांब रस्त्याच्या एका बाजूस घरे बांधलेली असून त्यांना १, २, ३ असे ओळीने क्रमांक दिलेले आहेत. त्यांतील एका घराचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या डावीकडील सर्व घरांच्या क्रमांकांची बेरीज उजवीकडील सर्व घरांच्या क्रमांकांच्या बेरजेइतकीच भरते. रस्त्यावर पन्नासांहून अधिक, परंतु पाचशेंहून कमी घरे आहेत. तर त्या घराचा क्रमांक कोणता, आणि रस्त्यावर एकूण घरे किती?

वाचकांनी येथे थोडे थांबावे व कागद-पेन्सिल घेऊन प्रयत्न करून पाहावा. आठ घरांचा रस्ता घेतल्यास वाट सापडू लागते. तेथे सहावे घर हे ते घर होय. कारण १ ते ५ ह्यांची बेरीज १५ आणि ७ व ८ ह्यांची बेरीजही १५. परंतु आठ म्हणजे पन्नासांहून अधिक नव्हेत.

हे कोडे लंडनच्या ‘स्ट्रँड मॅगेझिन’ ह्या लोकप्रिय मासिकाच्या डिसेंबर १९१४ च्या अंकात प्रसिद्ध झाले. हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी हे त्या मासिकात १९१० पासून कोड्यांचे सदर चालवीत असत आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालविले. हे घर बेल्जममधील लूव्हँ ह्या शहरातील असल्याचे त्यांनी योजिले होते. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, ऑगस्ट १९१४ मध्ये, जर्मन सैन्याने ते शहर जाळले होते व त्याची वार्ता इंग्लंडात घरोघर पोहोचली होती. चार महिन्यांनी तेथील एका रस्त्यावरील घरे मोजण्यास वाचकांना सांगावयाचे, ह्यात कोडे रचणाराची जाण दिसते. कोरड्या संख्यांना त्याने पत्ता दिला.

त्या वेळी केंब्रिज येथे दोन भारतीय तरुण शिकत होते. त्यांपैकी प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनी पुढे १९३१ साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. दुसरे श्रीनिवास रामानुजन. महालनोबीस ह्यांनी सांगितलेल्या आठवणीप्रमाणे ते रामानुजन ह्यांच्या खोलीवर गेले असता रामानुजन शेगडीवर भाजी ढवळीत होते. महालनोबीस ह्यांनी मासिकातील कोडे वाचून दाखविले. त्यांनी स्वतः ते काही मिनिटांत अंदाजाने आकडे घालून सोडविले होते. रामानुजन ह्यांनी भाजी ढवळता ढवळताच उत्तर लिहून घेण्यास सांगितले. परंतु त्यांनी जे सांगितले ती एक संख्या नव्हती, तर एक परंपरित अपूर्णांक होता. ज्या अपूर्णांकाच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, त्याच्याही छेदात पुन्हा अपूर्णांक, अशी परंपरा चालू राहते, त्यास हे नाव आहे. मासिकाने विचारलेले उत्तर त्यात होतेच. शिवाय घरांची मर्यादा कितीही वाढविली तरी पुढची सर्व उत्तरे त्याच अपूर्णांकातून ओळीने निघत होती.

हा प्रसंग बहुधा रामानुजन ह्यांच्या अलौकिक बुद्धीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. तेच कोडे दोघांपुढे आले. एकाने उत्तर काढले, दुसऱ्याने रीत काढली. आणि कोडे मोठ्याने वाचले गेले नसते तर ही दुसरी गोष्ट घडलीच नसती. आपल्याकडील उखाण्याचे किंवा हुमणाचे उत्तर एकदा कळले की ते पुन्हा त्याच माणसास घालता येत नाही. संख्येचे कोडे तसे नसते. त्याचे उत्तर हाती आल्यानंतरच खरा प्रश्न सुरू होतो, की हेच उत्तर का?

त्या ‘का’चा शोध शाळेतील बीजगणितानेही घेता येतो. आपल्या घराच्या डावीकडील बेरीज दुप्पट करून तीत त्या घराचा क्रमांक मिळविला, तर सर्व रस्त्याची बेरीज होते, कारण दोन्ही बाजू समान आहेत. थोडी आकडेमोड केल्यास असे दिसून येईल की, त्या घराच्या क्रमांकाचा वर्ग म्हणजेच सर्व घरांच्या क्रमांकांची बेरीज. आठ घरांच्या रस्त्यावर ही बेरीज ३६, म्हणजे सहाचा वर्ग आहे. आता एकूण घरांच्या दुपटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येस ‘य’ म्हणू आणि घराच्या क्रमांकाच्या दुपटीस ‘र’ म्हणू. मग सर्व कोडे एका ओळीत मावते :

य² − २र² = १

आठ घरांच्या रस्त्यासाठी य = १७ व र = १२. सतराचा वर्ग २८९ व बाराच्या वर्गाची दुप्पट २८८, अंतर एक.

ह्या जातीच्या समीकरणास आपल्या प्राचीन गणितात ‘वर्गप्रकृती’ असे नाव आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त त्याचा विचार केला आणि ‘भावना’ नावाची एक रीत दिली. उत्तराची एक जोडी माहीत असल्यास तिच्यापासून दुसरी कशी काढावी, हे ती रीत सांगते. आपल्या समीकरणात ती अशी : नवा ‘य’ म्हणजे जुन्या ‘य’चा वर्ग अधिक जुन्या ‘र’च्या वर्गाची दुप्पट; नवा ‘र’ म्हणजे जुन्या ‘य’ आणि ‘र’ ह्यांच्या गुणाकाराची दुप्पट. सर्वांत लहान जोडी ३ व २ ही आहे. ती एकाच घराच्या रस्त्याची होय, आणि तेथे कोडे असे काही उरतच नाही. तिच्यावर भावना केली की १७ व १२ येतात. त्यांच्यावर पुन्हा भावना केली की :

१७² + २ × १२² = ५७७, आणि २ × १७ × १२ = ४०८

५७७ मधून एक वजा करून निम्मे केले की २८८ घरे; ४०८ चे निम्मे २०४ हा घराचा क्रमांक. लंडनच्या मासिकाने जे विचारले होते त्याचे हे उत्तर, आणि ते दोन पायऱ्यांत मिळाले. ताळा पाहावयाचा असल्यास २०४ चा वर्ग ४१,६१६ आणि १ ते २८८ ह्यांची बेरीजही ४१,६१६.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रह्मगुप्ताच्याही कित्येक शतके आधी शुल्बसूत्रांत, यज्ञवेदीच्या मापांसाठी, दोनच्या वर्गमुळाची किंमत दिलेली आहे : एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चतुर्थांश, वजा त्या चतुर्थांशाचा चौतिसावा भाग. ही बेरीज केली तर ५७७ भागिले ४०८ हा अपूर्णांक येतो. हा योगायोग नव्हे. ५७७ चा वर्ग आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ह्यांत अंतर फक्त एकाचे असल्यामुळे त्यांचे गुणोत्तर दोनच्या वर्गमुळाच्या इतके जवळ येते. रामानुजन ह्यांचा परंपरित अपूर्णांकही ह्याच वर्गमुळाशी निगडित आहे. वेदीच्या विटा रचणारे, ब्रह्मगुप्त, आणि मासिकाचे वाचक एकाच अपूर्णांकापाशी येऊन पोहोचले, ते प्रत्येकजण आपापल्या वाटेने.

ब्रह्मगुप्ताने आपल्या ग्रंथात केवळ नियम दिले नाहीत, प्रश्नही घातले. एका वर्गप्रकृतीच्या प्रश्नात, जेथे गुणक दोनऐवजी ९२ आहे, तो म्हणतो की, हे एका वर्षाच्या आत सोडवील तो खरा गणक. (ह्याचे उत्तर ११५१ व १२० असे आहे, वाचकांना एक वर्ष लागणार नाही, परंतु त्यांना ते आम्ही येथेच सांगून टाकले.) असले प्रश्न आनंदासाठी आहेत, सुज्ञ माणूस असे हजारो रचू शकेल, आणि लोकांच्या सभेत जो प्रश्न घालतो त्याचे, व जो ते सोडवितो त्याचे त्याहूनही अधिक, तेज इतरांवर पडते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. सभा हा शब्द येथे महत्त्वाचा. प्रश्न सभेपुढे मांडावयाचा असतो हे त्याने गृहीतच धरले आहे.

ती सभा शतकानुशतके लांबत गेली. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ‘चक्रवाल’ नावाच्या रीतीने गुणक ६१ असलेला प्रश्न सोडविला. त्याचे सर्वांत लहान उत्तर १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८० असे आहे. आकडे घालून पाहणाऱ्यास ते जन्मभर सापडले नसते. खानदेशात चाळीसगावाजवळील पाटण येथील शिलालेखावरून दिसते की, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने तेथे मठ स्थापिला होता. पुढे १६५७ साली फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञाने हीच जात युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून मांडली, आणि त्याच वर्षीच्या एका पत्रात त्याने निवडलेल्या गुणकांत ६१ हा होता! भास्कराचार्यांचे नाव त्यास ठाऊक नव्हते. लहान अंक आणि अवाढव्य उत्तर, ह्या विसंगतीने दोघांचेही लक्ष वेधले असावे. इंग्लंडमधील ब्रौंकर ह्याने फर्माला उत्तर देणारी रीत शोधून काढली.

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात अशी सभा भरविण्याचे काम एका डेप्युटी कलेक्टराने केले. व्ही. रामस्वामी अय्यर ह्यांनी १९०७ साली गणिताची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ स्थापन केले. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. तिचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि परदेशी नियतकालिके तेथून दूरदूरच्या सभासदांकडे टपालाने फिरत. १९०९ पासून सोसायटीची पत्रिका निघू लागली. तीत लेख असत, पण आमच्या मते तिचा प्राण ‘प्रश्न व उत्तरे’ ह्या भागात होता. एका गावातील शिक्षकाने प्रश्न पाठवावा, दुसऱ्या प्रांतातील प्राध्यापकाने त्याचे उत्तर पाठवावे, आणि दोघांची भेट कधीच होऊ नये, असा हा व्यवहार होता.

१९११ साली ह्या भागात मद्रासकडील एका तरुणाचे प्रश्न येऊ लागले. त्याच्याजवळ पदवी नव्हती, नोकरी नव्हती, आणि त्याचे गणित समजणारा माणूस त्याला शोधावा लागत होता. तो तरुण रामानुजन. त्यांच्या एका प्रश्नात वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात पुन्हा वर्गमूळ अशी न संपणारी मालिका होती व तिची किंमत विचारली होती. उत्तर आले नाही. शेवटी त्यांनी स्वतःच ते दिले : तीन. तीन म्हणजे नवाचे वर्गमूळ, नऊ म्हणजे एक अधिक दोन गुणिले चार, ते चार म्हणजे सोळाचे वर्गमूळ, सोळा म्हणजे एक अधिक तीन गुणिले पाच, असे उलगडत जावे. अशी अनंत मालिका खरोखर एका ठरावीक संख्येपाशी येऊन ठेपते, हे सिद्ध करण्याचे काम त्यांनी केले नव्हते. ती उणीव पुढे इतरांनी भरून काढली. सभेचा हाही एक उपयोग असतो.

१९१३ चा त्यांचा एक प्रश्न तर चौथीच्या मुलासही समजेल. दोनचा घात घेऊन त्यातून सात वजा करावे. ८ मधून ७ गेले १. १६ मधून ७ गेले ९. ३२ मधून ७ गेले २५. १२८ मधून ७ गेले १२१. हे सर्व पूर्ण वर्ग आहेत. दोनचा पंधरावा घात ३२,७६८. त्यातून सात गेले की ३२,७६१ उरतात, आणि तो १८१ चा वर्ग आहे. आणखी असे घात कोणते, हे शोधावे. प्रश्न असा घातला होता की, जणू आणखी काही असतीलच. १९४३ मध्ये नॉर्वेतील युंगग्रेन ह्यांनी स्वतंत्रपणे हाच प्रश्न तेथील एका पत्रिकेत विचारला आणि १९४८ साली नागेल ह्यांनी सिद्ध केले की, ह्या पाचांखेरीज दुसरा कोणताही घात नाही. पस्तीस वर्षे हा प्रश्न छापील पानावर उत्तराची वाट पाहत होता. १९५९ साली, संदेश पाठविताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा अभ्यास करताना, त्याचाच उपयोग झाला.

प्रश्न घालणे ही उत्तर देण्याइतकीच शिकण्याची गोष्ट आहे, आणि शाळांतून ती क्वचितच शिकविली जाते. ड्यूडनींनी पन्नास व पाचशे ह्या मर्यादा उगीच घातल्या नव्हत्या. त्या काढल्या तर आठ घरांत सहावे, एकोणपन्नासांत पस्तिसावे, सोळाशे एक्याऐंशींत अकराशे एकोणनव्वदावे, अशी उत्तरांना अंतच राहत नाही. त्या राखल्या तर उत्तर एकच उरते. त्याचबरोबर मर्यादा इतक्या सैल आहेत की, चिकाटीच्या माणसास आकडे घालूनही वाट सापडावी. जो कोडे पुढे देतो त्याने उत्तर आधीच सांगू नये, पण उत्तराइतकी माहिती मात्र पुरवावी. आणि कोणी उत्तर आणल्यास ते बरोबर की चूक एवढ्यावर न थांबता ते कसे काढले, हे विचारावे.

आता ह्या कोड्यात थोडा फेर करू. पुष्कळ शहरांत रस्त्याच्या एका बाजूस विषम क्रमांक आणि दुसऱ्या बाजूस सम क्रमांक असतात. सम बाजूचा प्रश्न सोपा आहे. प्रत्येक क्रमांक दुप्पट झाला एवढेच. विषम बाजूस मात्र निराळा प्रकार घडतो. तेथे १, ३, ५, ७, ९ अशी पाच घरे असल्यास ७ क्रमांकाचे घर हवे ते घर होय, कारण १, ३ व ५ ह्यांची बेरीज ९ आणि उजवीकडेही ९. हे घर ओळीने मोजल्यास चौथे आहे; घरे पाच आहेत; आणि ३, ४, ५ ह्या संख्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांचा येथे काय संबंध, आणि पाचांनंतर किती घरांच्या रस्त्यावर असे घर पुन्हा सापडेल?