रॅपमधल्या बायका अचानक कुठून आल्या?

प्रश्न : आमची पुतणी कानात हेडफोन घालून दिवसभर अमेरिकन रॅप ऐकते. विचारलं तर नावं सांगते ती सगळी बायकांची. आमच्या कॉलेजच्या दिवसांत रॅप म्हटलं की गळ्यात सोन्याच्या जाडजूड साखळ्या घातलेले पुरुष डोळ्यांसमोर यायचे. या बायका अचानक कुठून आल्या? त्यांची गाणी इतकी चावट का असतात? आणि मध्यंतरी पेपरात वाचलं की हिप हॉप संपत आलंय, मग यांचं कसं चाललंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एका पत्रात तुम्ही तीन प्रश्न घातलेत आणि तिन्ही एकमेकांत अडकलेत, म्हणून एकेक सोडवू. त्याआधी थोडी व्याख्या. रॅप म्हणजे तालावर बोललेली, यमकांनी बांधलेली कविता. हिप हॉप हा त्याहून मोठा संसार. त्यात रॅप येतं, डीजेचं रेकॉर्डी फिरवणं येतं, भिंतीवरची ग्राफिटी येते आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसलेला ब्रेकिंग हा नाचही येतो.

आता तुमचा ‘अचानक’ हा शब्द. त्यासाठी ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी जावं लागेल. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या पत्त्यावर एक मोठी इमारत आहे. तिथं राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे हवे होते. तिनं इमारतीतला सामायिक हॉल घेतला, हातानं लिहिलेली आमंत्रणं वाटली, मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असं तिकीट लावलं आणि रेकॉर्डी वाजवायला थोरल्या भावाला उभं केलं. भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा लांबवत नेण्याची त्याची युक्ती पुढं गाजली आणि त्या रात्री हिप हॉपचा जन्म झाला असं आज मानतात. भावाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. कार्यक्रम ठरवणारी, हॉल मिळवणारी आणि गल्ला सांभाळणारी बहीण मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपते.

पुढची पायरीही बाईचीच. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं अमेरिकाभर वाजलं आणि रॅपची रेकॉर्ड खपते हे पहिल्यांदा सिद्ध झालं. ती काढणाऱ्या शुगर हिल रेकॉर्ड्स या कंपनीच्या कर्त्या-धर्त्या होत्या सिल्व्हिया रॉबिन्सन. त्याच वर्षी त्यांनी साउथ कॅरोलिनाच्या तीन मुलींच्या ‘द सीक्वेन्स’ या गटाचीही रेकॉर्ड काढली. ब्रॉन्क्समध्ये ‘फंकी फोर प्लस वन’ नावाचा एक गट होता, त्यातली ‘प्लस वन’ म्हणजे शा-रॉक ही मुलगी. फेब्रुवारी १९८१मध्ये हा गट ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात झळकला, तेव्हा अमेरिकेच्या घराघरांतल्या टीव्हीवर रॅपबरोबर बाईही पोचली.

१९८४चा किस्सा तर तुमच्या पुतणीलाही आवडेल. यूटीएफओ नावाच्या पुरुषांच्या गटानं रोक्सॅन नावाच्या मुलीबद्दल गाणं केलं होतं. ही मुलगी आम्हाला दादच देत नाही, असा त्याचा सूर. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीतल्या चौदा वर्षांच्या लोलिता गूडननं रोक्सॅन शांटे हे नाव घेतलं आणि ‘मीच ती रोक्सॅन, आता माझं ऐका’ अशा थाटात त्या गटाला गाण्यातूनच झोडपून काढलं. सवालाला जवाब गेला आणि गाणं तुफान चाललं. त्यानंतर उत्तरांना उत्तरं देणाऱ्या डझनावारी रेकॉर्डी निघाल्या. आज ज्याला ‘डिस ट्रॅक’ म्हणतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा गाण्यातून जाहीर पाणउतारा, त्या प्रकाराला रेकॉर्डवर खरी चटक लावली ती या शाळकरी पोरीनं.

मग सॉल्ट-एन-पेपा आल्या, एमसी लाइट आली, क्वीन लतीफा आली. १९९५ साली एकाच संध्याकाळी लतीफाला आणि सॉल्ट-एन-पेपाला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला संगीताचा मानाचा पुरस्कार, मिळाली. १९९९मध्ये लॉरिन हिलच्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमची ग्रॅमी मिळाली आणि हिप हॉपमधल्या अल्बमला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तुमचे कॉलेजचे दिवस नव्वदीतले असतील, तर हे सगळं तुमच्या कानांदेखत चाललं होतं.

मग तुम्हाला पुरुषच का आठवतात? कारण बायका होत्या, पण एका वेळी एकच. हा योगायोग नव्हता, धंद्याची घडीच तशी होती. नव्वदीत रॅप टोळक्यांनी चालायचं. एखादा नावाजलेला पुरुष रॅपर, त्याच्या भोवती त्याचे दोस्त, आणि त्या सगळ्यांत एक मुलगी. तिला ‘फर्स्ट लेडी’ म्हणायचे. नोटोरियस बी.आय.जी.च्या गोतावळ्यात लिल किम, रफ रायडर्समध्ये ईव्ह, टेरर स्क्वाडमध्ये रेमी मा. मुलीला कंपनीच्या दारात न्यायचं तर कोणीतरी पुरुषानं हाताला धरून न्यायचं आणि त्याच्याकडं जागा एकच. शिवाय बाईवर केस, मेकअप, कपड्यांचा खर्च जास्त होतो, तो वसूल होत नाही, अशी कुरकुर कंपन्या करायच्या. जागा एक असली की दुसरी आली म्हणजे पहिलीनं उठायचं. नोव्हेंबर १९९६मध्ये लिल किम आणि फॉक्सी ब्राउन यांचे पहिले अल्बम एका आठवड्याच्या अंतरानं आले, तेव्हा दोघीही चांगल्या आहेत असं म्हणून सोडून देणारे थोडे होते. कोण कोणाला खाली पाडणार याचीच चर्चा जास्त रंगली. मैत्रिणी असलेल्या त्या दोघींचं पुढं कायमचं बिनसलं.

नमुना म्हणून ग्रॅमीची गोष्ट पाहा. स्त्री रॅपरसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला आणि तो २००३ आणि २००४ अशी दोनच वर्षं टिकला. दोन्ही वेळा मिसी एलियटनं नेला आणि मग तो बंदच झाला. मिसी गाणी लिहायची, निर्मिती करायची, टोळक्यातली एक म्हणून नव्हे तर स्वतःच्या अटींवर काम करायची. तिचं उदाहरण पाहून कंपन्यांनी आणखी दहा मिसी शोधायला हव्या होत्या. त्याऐवजी दुष्काळ पडला. दुसऱ्या कोणाची साथ न घेता एकटीच्या नावावर ‘बिलबोर्ड हॉट १००’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला नंबर मिळवणारी रॅपर १९९८मध्ये लॉरिन हिल होती. त्यानंतरची थेट २०१७मधली कार्डी बी. मध्ये एकोणीस वर्षं गेली. त्या काळाच्या उत्तरार्धात ‘ती एक’ असण्याचा मान निकी मिनाजकडं होता आणि तिच्या पिढीतल्या दुसरीचं नाव चटकन सांगता येईल असे लोक कमीच.

हे बदललं ते फोनमुळं. कंपन्यांना काही उपरती वगैरे झाली नाही. गाणं लोकांपर्यंत न्यायला आता कोणाच्या टोळक्यात शिरावं लागत नाही. ब्रॉन्क्सची कार्डी बी आधी क्लबांत नाचायची. इन्स्टाग्रामवरच्या फटकळ बोलण्यानं ती लोकांना आवडली, मग एका रिॲलिटी शोमध्ये आली आणि तोवर प्रेक्षक तिच्या खिशात होते. कंपनी नंतर आली. २०१९मध्ये सर्वोत्तम रॅप अल्बमची ग्रॅमी एकटीच्या नावावर मिळवणारी ती पहिली बाई ठरली. डोजा कॅटनं २०१८मध्ये गाईसारखे ठिपके असलेले कपडे घालून, ‘मी गाय आहे’ असं सांगणारा एक वेडगळ व्हिडिओ घरीच केला. मागं हिरवा पडदा, नाकपुड्यांत बटाट्याच्या तळलेल्या फोडी. कुठल्याही कंपनीच्या बैठकीत ही कल्पना पास झाली नसती. इंटरनेटवर तो व्हिडिओ लाखोंनी पाहिला. मेम्फिसच्या ग्लोरिलाचं २०२२मधलं गाजलेलं गाणं तर रस्त्यात मैत्रिणींच्या घोळक्यात चित्रित झालेलं आहे.

दरवाजावरचा पहारा उठला की आत एकच शिरत नाही. म्हणून तुमच्या पुतणीच्या यादीत मेगन दी स्टॅलियन आहे, लॅटो आहे, ग्लोरिला आहे, डोची आहे आणि एकीसाठी दुसरीला उठावं लागलेलं नाही. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या डोचीला फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोत्तम रॅप अल्बमची ग्रॅमी मिळाली. १९९६मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार मिळालेली ती तिसरी बाई. पहिली लॉरिन हिल, तीही ‘फ्यूजीज’ गटाची सदस्य म्हणून. दोघींसाठी दोन दशकांहून जास्त वाट पाहावी लागली, तिसरीसाठी सहा वर्षं. डोचीचा अमेरिकन टीव्हीवरचा एक कार्यक्रम जरूर शोधून पाहा. मध्ये ती, दोन बाजूंना दोन नर्तकी, आणि तिघींच्या लांबलचक वेण्या एकमेकींत गुंफलेल्या. एकीनं मान वळवली की दुसरीला ताण बसणार. अशा अवस्थेत ती श्वास न चुकता रॅप करते.

आता चावटपणा. बायकांनी रॅप नासवलं असा समज आपल्याकडंही आहे आणि तिकडंही. पण फ्लोरिडातल्या कोर्टानं १९९०मध्ये ज्या अल्बमला अश्लील ठरवलं तो ‘टू लाइव्ह क्रू’ या पुरुषांच्या गटाचा होता. १९९२मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. उलट १९९३मध्ये लतीफानं ‘युनिटी’ हे गाणं केलं ते बायकांना शिवीनं हाक मारणाऱ्यांना खडसावण्यासाठी. म्हणजे चावटपणा आधीपासून होता, फक्त बोलणारा पुरुष होता आणि जिच्याबद्दल बोलायचं ती बाई. आता तीच बोलते. आपल्या लावणीतही शृंगार बाईच्या तोंडी असतो, पण तिचे शब्द बहुतेक वेळा राम जोशी, होनाजी यांच्यासारख्या पुरुष शाहिरांनी लिहिलेले असतात. रॅपमध्ये स्वतःचे शब्द स्वतः लिहिणं ही प्रतिष्ठेची गोष्ट, दुसऱ्याकडून लिहून घेतले तर लोक नाव ठेवतात. त्यामुळं इथं शृंगारही तिचा आणि शब्दही तिचे.

तरी तुमची तक्रार मी पूर्ण उडवून लावणार नाही. चावट गाणी चटकन पसरतात हे कंपन्यांनी ओळखलंय आणि नव्या मुलींना त्याच साच्यात ढकललं जातं. नॉर्थ कॅरोलिनाची रॅपसोडी गेली कित्येक वर्षं फार बारकाईचं, विचारी लेखन करते. २०२५मध्ये तिलाही एक ग्रॅमी मिळाली, पण तुमच्या पुतणीला तिचं नाव ठाऊक असेल का, याची मला शंका आहे.

या बायका भांडतात फार, असंही पुष्कळजण म्हणतात. भांडतात खऱ्या. निकी आणि कार्डी बी २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या एका फॅशन पार्टीत हातघाईवर आल्या होत्या, बूटही भिरकावला गेला. पण २०२४मध्ये केंड्रिक लमार आणि ड्रेक या रॅपरांनी गाण्यांतून एकमेकांची लक्तरं काढली तेव्हा त्याला कला म्हटलं गेलं आणि त्यातल्या एका गाण्याला पाच ग्रॅमी मिळाल्या. पुरुष भांडले की सामना आणि बायका भांडल्या की नळावरची भांडणं, हा न्याय काही मला पटत नाही. त्यापेक्षा गंभीर गोष्ट मेगनची. जुलै २०२०मध्ये तिच्या पायांवर गोळ्या झाडल्या गेल्या. टोरी लेनेझ हा रॅपर डिसेंबर २०२२मध्ये त्यात दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात ती खोटं बोलते असं म्हणणाऱ्यांत आणि तिची टर उडवणाऱ्यांत हिप हॉपमधलीच माणसं होती. जागा वाढल्या म्हणून वागणूक सुधारली असं समजू नका.

राहता राहिलं हिप हॉप संपल्याचं. ती बातमी बहुधा अशी असणार : २५ ऑक्टोबर २०२५च्या ‘हॉट १००’ यादीत पहिल्या चाळीसात एकही रॅप गाणं नव्हतं आणि असं १९९०नंतर पहिल्यांदाच घडलं. बातमी खरी आहे, अर्थ मात्र घाईनं काढलेला. ही यादी अमेरिकेतलं स्ट्रीमिंग, रेडिओ आणि विक्री यांचा हिशेब मिळून बनते. खूप आठवडे राहिलेली गाणी खाली घसरली की काढून टाकायचा नियम आहे आणि तो नुकताच कडक केला होता. केंड्रिक लमार आणि गायिका सिझा यांचं, तेरा आठवडे पहिल्या नंबरावर राहिलेलं ‘लूथर’ त्यामुळंच बाहेर गेलं. त्यातच टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमनं वरच्या जागा अडवल्या होत्या. रॅपला थोडी ओहोटी आहे हे मान्य, २०१७च्या सुमारास होता तसा दरारा आज नाही. पण त्याच ऋतूत, १९ सप्टेंबरला, सात वर्षांनी आलेला कार्डी बीचा दुसरा अल्बम अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या नंबरावर उतरला होता. संपत आलेल्या गोष्टीचं असं होत नाही.

आपल्याकडंही रॅप करणाऱ्या बायकांची वाट बरीचशी तीच, फोनमधून जाणारी आहे. २०२२मध्ये ‘एमटीव्ही हसल’ या रॅपच्या टीव्ही स्पर्धेतून सृष्टी तावडेचं नाव झालं ते तिच्या व्हिडिओंच्या तुकड्यांमुळं, आणि महादेव कोळी समाजातली ‘माही जी’ ही रॅपर आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते ती यूट्यूबवरून.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर लॉरिन हिलच्या ‘मिसएज्युकेशन’पासून करा, मग रॅपसोडीचा ‘लायलाज विज्डम’ आणि मग डोची. शब्द भराभर जातात, म्हणून गाण्याचे बोल समोर उघडून ठेवा. काही अडलं तर पुतणीला विचारा, आणि एकदा तिला रोक्सॅन शांटेचं नाव माहीत आहे का तेही विचारून पाहा.